डोंगरातला गंधार



लोकसंगीताच्या परिषदेत अध्यक्षाने ओवी, भारूड, पोवाडा असं काही घरचं बोलावं अशी रीत आहे. ती आज मी थोडी मोडणार आहे आणि तुम्हांला अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांत नेणार आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे गाणी गोळा करताना काही कमावलं गेलं, काही हातचं गेलं. तो सगळा हिशेब आपल्याही कामाचा आहे.

केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या डोंगरपट्ट्यात अठराव्या शतकापासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधून माणसं येऊन वसली. येताना त्यांनी जुनी कथागीतं आणली. हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी अशा 305 कथागीतांचा संग्रह 1882 ते 1898 या काळात छापला. काम अफाट, पण जवळजवळ सगळं शब्दांचं. ही गाणी कुठल्या चालीत म्हटली जात, याची नोंद त्यात नावापुरतीच. विद्वान लोक गाणं वाचत होते. डोंगरातल्या बायका मात्र ते गात होत्या आणि चाइल्डसाहेबांचं नावही त्यांच्या कानावर गेलेलं नव्हतं.

त्या बायकांकडे पहिल्यांदा नीट कान दिला तो ऑलिव्ह डेम कॅम्बेल या बाईंनी. नवरा डोंगरी भागातल्या शाळांची आणि समाजाची पाहणी करत फिरायचा, त्याच्याबरोबर फिरताना त्या गाणी उतरवून घेत. 1915 साली त्यांनी आपली वही इंग्लंडहून आलेल्या सेसिल शार्प यांच्यापुढे ठेवली. शार्प सॉमरसेटमधली लोकगीतं गोळा करून नावारूपाला आलेले. वही पाहून त्यांना जे कळायचं ते कळलं. 1916 ते 1918 या तीन वर्षांत मॉड कार्पेलिस या सहकारी बाईंना घेऊन ते एकूण 46 आठवडे त्या डोंगरांत हिंडले. पन्नाशी उलटलेली, दम्याचा विकार, रस्ते असून नसल्यासारखे. दोघं ओसरीवर बसत. बाई गात, कार्पेलिस शब्द लघुलिपीत टिपत आणि शार्प सुरावट लिहीत. 281 गायकांकडून 1,612 सुरावटी. त्यांतल्या साठाहून अधिक एकट्या जेन हिक्स जेंट्री यांच्या. या बाई नॉर्थ कॅरोलायनातल्या हॉट स्प्रिंग्ज गावच्या. ज्याला आपण सहज 'एक गायिका' म्हणून तळटीपेत घालतो, ते माणूस कधी कधी अख्खं ग्रंथालय असतं.

शार्प यांना त्या चालींत वेगळं काय दिसलं? पियानोवर वाढलेल्या कानाला मेजर आणि मायनर असे दोनच घाट सवयीचे असतात. या बायका त्या दोन्हींच्या बाहेर गात होत्या. युरोपात त्या जुन्या सप्तकांना मोड म्हणतात आणि त्यांची नावं ग्रीक, म्हणून प्रकरण उगाच अवघड वाटतं. या सभागृहात ते दोन मिनिटांत समजेल. मिक्सोलिडियन म्हणजे आपल्या खमाज थाटाचे स्वर, डोरियन म्हणजे काफीचे, एओलियन म्हणजे आसावरीचे. शिवाय तिथल्या कितीतरी चाली पाचच स्वरांच्या. मध्यम आणि निषाद गाळले की आपल्याला भूप ऐकू येतो. त्याच पाच स्वरांचा षड्ज हलवत गेलं तर मेघ, मालकंस, दुर्गा, धानी यांचे स्वर मिळतात. मूर्च्छना शिकलेल्या विद्यार्थ्याला हे नवं नाही. शार्प यांनी पंचस्वरी चालींचे नेमके असेच पाच वर्ग पाडले. अर्थात स्वर जुळले म्हणून त्या चालींना राग म्हणण्याची घाई करू नका. चलन वेगळं, न्यासाच्या जागा वेगळ्या.

हे स्वर तिथे टिकले याचं एक साधं कारण असं की, कथागीत बहुधा साथीशिवाय म्हटलं जाई. कॉर्ड नसली की स्वराला कुणी ओढून सरळ करत नाही. आणि जिथे वाद्य आलं तिथे ते आधी षड्जाचं ठाणं धरून बसणारं आलं. डल्सिमर मांडीवर आडवं ठेवतात. एका तारेवर चाल वाजते, बाकीच्या तारा एकसारख्या झंकारत राहतात. पडदे पक्के, सगळे बारा स्वर त्यांत नाहीत. मोड बदलायचा तर चालीची तार चढवा नाहीतर उतरवा.

बँजो हे वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं. त्याची आखूड पाचवी तार तानपुऱ्यासारखी मध्ये मध्ये टणत्कारत राहते. डोंगरातले वादक त्याची एक मिळवणी करतात, तिला सॉमिल म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पाचवी तार तार षड्जाला, मग मंद्र पंचम, षड्ज, मध्यम आणि पंचम. गंधार कुठेच नाही! कोमल की शुद्ध हा निवाडा वाद्य करतच नाही, तो गळ्यावर सोडलेला.

आणि गळा तो निवाडा दर वेळी सारखा करत नाही. पर्सी ग्रेंजर या संगीतकाराने इंग्लंडात लिंकनशायरच्या गायकांना मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केलं आणि 1908 मध्ये छापून सांगितलं की, एकाच गाण्यात गंधार आणि निषाद हलतात; एका कडव्यात चढे, दुसऱ्यात उतरे. गायक मोड बदलत नाहीत, त्यांच्याजवळ असा ढिला विणलेला एकच स्वरपट असतो. शार्प यांना फोनोग्राफ फारसा रुचला नाही. यंत्रापुढे गायक बावरतात असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्यही असेल. पण कागदावर स्वर लिहिताना पाच ओळींपैकी कुठल्या तरी जागी टिंब द्यावंच लागतं. मधल्या गंधाराला तिथे घर नाही. शार्प यांच्या ग्रंथातला प्रत्येक 'डोरियन' किती त्या बाईंचा आणि किती शार्प यांचा, हे आता कोण सांगणार?

गंमत पाहा, ज्या 1916 साली शार्प त्या डोंगरांत शिरले, त्याच साली बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाने भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. तिथे श्रुतींवर खडाजंगी झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सनदी अधिकारी क्लेमंट्स यांच्या साथीने श्रुतींची गणितं मांडत होते, श्रुतीची पेटीच तयार झाली होती. दोन टोकांना एकाच वेळी माणसं गंधार मोजत होती. इथे शास्त्री, तिथे संग्राहक. ओसरीवरच्या बाईंना मात्र कुठल्याच सभेचं बोलावणं गेलं नाही.

शार्प यांची दुसरी चूक मला जास्त खुपते. त्यांना या डोंगरांत जुनं इंग्लंड सापडवायचं होतं, म्हणून त्यांनी ते सापडवलं. भक्तिगीतं बाजूला ठेवली, बँजोचे बाज बहुतेक सोडले आणि शेजारीच राहणाऱ्या कृष्णवर्णीय गायकांकडे जवळपास पाठ फिरवली. 1918 मध्ये व्हर्जिनियात एका वयोवृद्ध कृष्णवर्णीय बाईंनी त्यांना 'बार्बरा ॲलन' हे जुनं कथागीत म्हणून दाखवलं. एवढ्या एका गाण्याने त्यांच्या सिद्धान्ताला तडा जायला हवा होता. गेला नाही. तरीही ते गेले नसते तर त्या 1,612 सुरावटीही हाती लागल्या नसत्या, हे मान्य केलं पाहिजे.

नॉर्थ कॅरोलायनाच्या मॅडिसन परगण्यात ही गायकी अजून चालू आहे. शीला के ॲडम्स यांनी ती आपल्या आजीच्या नात्यातल्या डेली नॉर्टन यांच्याकडून घेतली. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. थोरलीने एक ओळ म्हणायची, धाकटीने ती उचलायची. हलणारा गंधार तसाच्या तसा पुढे जातो तो या बैठकीत. आपल्याकडच्या तालमीबद्दल अभिमानाने बोलणाऱ्यांनी ही बैठक जरूर ऐकावी.

आता घरी येतो. क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या कुमार गंधर्वांनी देवासला माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली आणि त्यांतून धुनउगम राग उभे केले. त्यांनी धुनेला थाटाच्या खणात बसवलं नाही. धुनेत कुठली वाट दडली आहे ते पाहिलं. पण कुमारजी एखादेच. बाकी आपण काय केलं? आपण चाइल्ड यांच्या वाटेने गेलो. साने गुरुजींचं 'स्त्रीजीवन' घ्या, सरोजिनी बाबर यांचं आयुष्यभराचं काम घ्या. ओवी शब्दांनी जपली गेली आणि ते ऋण मोठंच आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीच्या डोंगरातून सुरू केलेल्या कामात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या लिहिल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रणही झालं, पण आवाज जपला गेला तो त्या लाखातल्या थोड्याच ओव्यांचा. उरलेल्यांची चाल कागदावर नाही. शिवाय जातं थांबलं, गिरणी आली. दगडाच्या फेऱ्याशी बांधलेला तो लांब स्वर आता मुद्दाम गाऊन दाखवावा लागतो. मग कुणीतरी पेटी काढतं, बाईंना काळी दोन धरायला सांगतं आणि गंधार सरळ होतो. मी हे डोळ्यांदेखत पाहिलं आहे आणि पेटीवाल्याचा हेतू चांगलाच होता.

म्हणून या परिषदेच्या कार्यक्रमात संयोजकांकडून मी एक बदल मागून घेतला आहे. उद्या प्रत्येक निबंधाआधी त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण पूर्ण वाजेल, सगळी कडवी, मध्ये न तोडता. जिथे गायिका स्वतः हजर आहेत तिथे त्या गातील. व्यासपीठावर पेटी नसेल, आणि सूर त्यांचा त्या लावतील. निबंधवाचकांची वेळ त्यामुळे पाच-सात मिनिटांनी कमी होईल. ज्यांची तक्रार असेल त्यांनी ती माझ्याकडे करावी, गायिकांना घाई करू नये.