जोहार सोडला, आता परिचय जोडा

(वर्षावासानिमित्त विहारात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)





माझ्यासमोर बसलेल्या कित्येक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे, आणि त्यांपैकी अनेकांची मुले-मुली महाविद्यालयात शिकत आहेत. परीक्षेत गुण कसे मिळवावेत हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी मात्र अशा एका गोष्टीविषयी बोलणार आहे, जी कोणत्याही अभ्यासक्रमात नसते, परंतु जिच्यावाचून हुशार मुलाची पदवी चौकटीत बसून भिंतीवर लटकत राहते. ती गोष्ट म्हणजे आपल्या व्यवसायातील माणसांशी परिचय. मी वकील असल्यामुळे उदाहरणे वकिलीची देईन. इंजिनियर, डॉक्टर वा हिशेबनीस होऊ पाहणाऱ्यांनी ती आपल्या धंद्याला लावून पाहावीत.

वकिलाचा मुलगा लॉ कॉलेजात नाव घालतो तेव्हा कोर्टाचा ‘बोर्ड’ कसा वाचावा, नक्कल कोठे मागावी, रोजनाम्यात काय लिहितात, हे त्याने घरी जेवता जेवता ऐकलेले असते. वडिलांचे स्नेही त्याला नावाने ओळखतात. आपला मुलगा त्याच वर्गात बसतो, कदाचित त्याच्यापेक्षा अधिक गुण मिळवितो. पण सनद हाती आल्यावर पहिल्या दिवशी तो बार रूमच्या दारात उभा राहतो तेव्हा आत कोणीही त्याला ओळखीत नाही. हे अंतर बुद्धीचे नव्हे. ते तीन पिढ्यांच्या ओळखीचे आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनाही हे अंतर भोगावे लागले. कोलंबिया व लंडन येथील पदव्या आणि बॅरिस्टरी घेऊन १९२३ साली ते मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिलीसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांना काम देण्यास सॉलिसिटर तयार नव्हते. विद्वत्तेने दार उघडत असते तर ते सर्वांआधी त्यांच्यासाठी उघडले असते! काम आले ते त्यांना चळवळीतून ओळखणाऱ्यांकडून. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींवर खटला झाला, त्यात बचावासाठी बाबासाहेब उभे राहिले.

त्यांच्या विद्यार्थिदशेकडेही पाहा. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचीत बसतो, त्याच्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी जाते. पुढे त्याच गुरुजींच्या खटपटीने सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. न्यूयॉर्कमध्ये नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांचा मित्र होतो. १९२० साली लंडनला परत जाताना त्याच मित्राने त्यांना ५,००० रुपये कर्जाऊ दिले. बाबासाहेब यांपैकी कोणाच्याही पुढे वाकले नाहीत. ते वाचीत होते, काम करीत होते, आणि पाहणाऱ्यांनी ते पाहिले.

आता पालकांना माझे एक स्पष्ट सांगणे आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी ‘जोहार मायबाप’ म्हणत दारोदार हात पसरला. धम्मदीक्षेबरोबर आपण तो जोहार कायमचा टाकला, आणि टाकला हे उत्तमच झाले. परंतु त्याच तिरीमिरीत आपल्यापैकी कित्येकांनी कोणाकडे काहीही मागणे म्हणजे लाचारी असा अर्थ करून घेतला. ‘कॉलेजात जा, मान खाली घालून परत ये, कोणाच्या दारात उभा राहू नकोस,’ हे मीही माझ्या घरी ऐकले आहे. वडिलांचा स्वाभिमान त्यात होता, हे मी जाणतो. पण वशिला निराळा आणि परिचय निराळा. लायकी नसताना मिळविलेली जागा म्हणजे वशिला. लायकी आहे ती योग्य माणसाच्या दृष्टीस पडणे म्हणजे परिचय. ‘मला आपल्याकडे काम शिकावयाचे आहे’ असे म्हणणारा विद्यार्थी जोहार घालीत नाही.

हे मला उशिरा कळले. कॉलेजात असताना मी प्राध्यापकांशीदेखील कामापुरते बोलत असे. सनद मिळाल्यावर एका नामांकित वकिलांकडे गेलो. त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली नाही. आडनाव विचारले, गाव विचारले, गावात घर कोणत्या बाजूला आहे हे विचारले, आणि ‘कळवितो’ म्हणाले. ते अद्याप कळविताहेत! अशा आणखी चार कार्यालयांचे उंबरे मी झिजविले.

मला काम लागले ते ज्या ओळखीला मी ओळख समजतच नव्हतो, तिच्यामुळे. आमच्या कुटुंबाची महार वतनाची थोडी जमीन होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने नष्ट झाली, तरी त्या जमिनीचा वाद चालूच होता. विद्यार्थी असताना तिचे जुने कागद काढण्यासाठी मी कोर्टाच्या नक्कल विभागात दोन वर्षे खेटे घालीत होतो. तेथील एका वृद्ध कारकुनांना मी दप्तरे उतरवून देई, अनुक्रमांक लावून देई. वतनाच्या जमिनींचे दावे चालविणाऱ्या एका वकिलांना ज्युनियर हवा होता, तेव्हा या कारकुनांनी माझे नाव सुचविले. ते वकील आपल्या समाजाचे नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक कैफियत लिहावयास दिली आणि तीन वेळा लाल शाईने खोडली. चौथ्या वेळी सही केली. त्यांनी माझे आडनाव विचारले ते वकीलपत्रावर घालण्यासाठी.

आडनावावरून आठवले. काही विद्यार्थी ओळख वाढविताना जात झाकतात. त्यांच्या मनातली भीती खोटी नाही. मी वर सांगितलेच. पण झाकून मिळविलेली ओळख म्हणजे उसना कोट. तो परत करण्याचा दिवस येतोच, आणि तो नेमका आपल्या गरजेचा दिवस असतो.

कोण जवळ करावा आणि कोण दूर ठेवावा, हे भगवंतांनी सिगालोवाद सुत्तात एका गृहस्थाच्या तरुण मुलाला सांगितले आहे. फक्त घेणारा, फक्त बोलणारा, तोंडपुजा आणि नाशाच्या वाटेवरचा सोबती, हे चार मित्र नव्हेत. मदत करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचे सांगणारा व कळवळा असणारा, हे चार खरे. ज्या वकिलांनी माझी कैफियत खोडली, ते यांतील तिसरे होत. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही दुसऱ्याचे असे मित्र झाले पाहिजे. वर्गमित्राला टिपणे देणारा, पुढच्या वर्षीच्या मुलाला जुनी पुस्तके देणारा विद्यार्थी परिचय जोडीतच असतो.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना तर नियमानेच वाट करून दिली आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. त्यात एकदा तरी वकिलांबरोबर काम केले पाहिजे. प्रत्यक्षात काय होते? पुष्कळ मुले एखाद्या वकिलाकडून कागदावर शिक्का मारून आणतात. वकिलाच्या मुलाचे त्यात काही बुडत नाही, त्याला कोर्ट घरीच भेटते. आपल्या मुलाचे सर्वस्व बुडते. शिवाय हे आठवडे दिवाळीच्या वा मे महिन्याच्या सुट्टीत ठरविताना कोर्टालाही त्याच सुमारास सुट्टी असते, हे ध्यानात ठेवा. रिकाम्या इमारतीत कोण भेटणार? कोणी वकील दाद देत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तेथे कायद्याच्या विद्यार्थ्याला विधी स्वयंसेवक होता येते. अनुसूचित जातीच्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. तो हक्क आपल्या वस्तीत सांगत हिंडणारा मुलगा वर्षभरात निम्म्या कोर्टाच्या परिचयाचा होतो.

मुलींविषयी दोनच शब्द. मुलीला लॉ कॉलेजात घालून संध्याकाळच्या कोर्टकार्यालयाला ‘नको’ म्हणणारा बाप तिला अर्धीच वकील करतो. काळजी वाटत असेल तर तिच्याबरोबर एकदा येऊन कार्यालय पाहून जा; आम्ही चहा देऊ.

सनदेच्या शुल्काविषयीही अनेकजण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निर्णय दिला की, कायद्यात ठरविलेल्या रकमेपेक्षा अधिक नोंदणी शुल्क राज्यांच्या बार कौन्सिलना घेता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी ती रक्कम १२५ रुपये आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही ही सवलत लागू होते. जातीचे प्रमाणपत्र मात्र आधीच काढून ठेवा.

माझ्या कार्यालयात एका वेळी दोन विद्यार्थ्यांपुरतीच जागा आहे. माझ्या परिचयाच्या तीन वकिलांनी प्रत्येकी एक जागा देण्याचे मान्य केले आहे. त्यांतील दोघे आपल्या समाजाचे आहेत, एक नाहीत. ज्यांना यावयाचे आहे त्यांनी सभा संपल्यावर पुस्तकांच्या कपाटाजवळ नावे द्यावीत, आणि सोमवारी सकाळी साडेदहाला जिल्हा न्यायालयाच्या फाटकाशी वही घेऊन उभे राहावे.