थकवा म्हणजे आळस नव्हे



शाळेत असताना आमच्या हातून एक चूक झाली. तापातून उठलेला एक मुलगा कित्येक महिने वर्गात मान टाकून बसे. आम्ही त्याला चारचौघांत आळशी म्हटलं. त्याची आज आम्हांला लाज वाटते.

आपल्या सोलापुरात मागावर राबणारा माणूस दमतोच. पण झोपला की सकाळी ताजा होतो. एका आजारात मात्र तसे होत नाही. सहा-सहा महिने थकवा हटत नाही. थोडे काम जास्त झाले, की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते. कुणाला तो करोनासारख्या आजारानंतर जडतो. हे ढोंग नव्हे, शरीराचा खरा आजार आहे, असे २०१५ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सांगितले. त्याचे नेमके कारण अजून शोधताहेत.

गोव्यात सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी झाली. ती २००५ साली छापली. शंभरात बारा जणी सहा महिने किंवा अधिक काळ थकलेल्या होत्या. सगळ्यांना हाच आजार होता असे नव्हे. पण कर्ज, उपासमार, नवऱ्याचा जाच जिथे, तिथे थकवा जास्त दिसला.

मग करायचं काय? दवाखान्यात जा. रक्त, साखर, थायरॉइड, क्षय तपासून घ्या. दुसरे काही निघाले, तर त्यावर औषध आहे. हाच आजार असेल, तर झेपेल तेवढेच काम, मधे विसावा. व्यायाम ठरवून रोज वाढवत नेण्याचा जुना सल्ला इंग्लंडने २०२१ साली सोडला.

आणि घरच्यांनो, टोचून बोलू नका. ज्याचं जळतं, त्याला कळतं.