संघ मुंबईचा, खेळ खाचरातला



भातकापणी झाली आणि खाचरे वाळली, की कर्जत-खालापुरात गावोगाव फक्कीच्या रेषा पडतात. १३ मीटर लांब, १० मीटर रुंद जागा आणि दोन्ही अंगांना सात-सात जण. एवढ्या थोड्या भांडवलावर उभा राहणारा खेळ दुसरा कोणता? तोच कबड्डीचा खेळ आता काही तरुणांच्या चरितार्थाचे साधन झाला आहे. ते कसे झाले, हे ‘यू मुंबा’ या व्यावसायिक संघाच्या आरंभीच्या वर्षांवरून पाहू.

२०१४ साली आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली. २६ जुलैला वरळीच्या क्रीडागृहात मुंबईने जयपूरला ४५-३१ असे हरवले. अंतिम सामन्यात मात्र त्याच जयपूरने ३५-२४ अशी परतफेड केली. २०१५ मध्ये बंगळुरूला ३६-३० असे नमवून मुंबईने विजेतेपद घेतले. २०१६ च्या मार्चमध्ये पुन्हा अंतिम सामना झाला. तो पाटण्याने ३१-२८ असा जिंकला. पहिल्या तिन्ही स्पर्धांत अंतिम सामना खेळलेला हा एकच संघ.

या यशाचे मर्म कशात होते? कर्णधार अनुप कुमार हा हरियाणाच्या पालरा गावचा. चढाईला गेला की घाई म्हणून नाही. बचाव करणाऱ्यांचे पाय कसे हलतात ते पाहायचे, हळूच बोनस रेषा ओलांडायची आणि परतायचे. एकेका गुणाने घर भरते, हे त्याने दाखवले. पहिल्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच, आणि २०१६ च्या विश्वचषकात भारताचा विजयी कर्णधारही तोच. कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर. एकाने पाय धरला की दुसरा धावून येणार. त्यांच्या आत तमिळनाडूचा जीवा कुमार आणि मुंबईचा विशाल माने. चढाईला केरळचा शब्बीर बापू आणि मुंबईचा रिशांक देवाडिगा. २०१५ पासून इराणचा फाजल अत्राचालीही आला.

आता तुम्ही म्हणाल, संघ मुंबईचा, पण त्यात आपली पोरे किती? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे खेळ मातीवर होतो, स्पर्धा मॅटवर. मातीवर पाय घसरतो, मॅटवर बूट घट्ट रुततो. वळण्याची आणि झेपावण्याची सवयच निराळी. अंगात रग असूनही सरावाविना मुलगा तिथे अडखळतो. उलट दिल्लीच्या वेशीवरचे निजामपूर पाहा. राकेश कुमार आणि मनजित छिल्लर हे दोघे नामांकित खेळाडू त्या एकाच गावचे! गावाने मनावर घेतले, तर असेही होते.

आपल्याकडेही उदाहरण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडून पहिल्यांदा खेळला. त्याची बोली ३६ लाख ४० हजारांची होती. त्या एका मोसमात त्याने चढायांतून दोनशेहून अधिक गुण मिळवले. दुसऱ्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले.

पण हे आकडे ऐकून कुणी दप्तर फेकू नये. अशी बोली लागते ती मोजक्यांनाच. खेळायचे वय थोडे. गुडघा एकदा दुखावला, की सारे थांबते. पोलीस, रेल्वे, बँका यांच्या नोकऱ्यांनी अनेक कबड्डीपटूंना आधार दिला आहे. त्या नोकरीलाही शिक्षण लागतेच.

म्हणून शिक्षकमित्रांना एक विनंती. शाळेला मॅट मिळेल तेव्हा मिळो. तोवर मातीवर दोन गोष्टी शिकवता येतील: अनुपसारखे थांबून पाहणे, आणि कोपऱ्यातल्या गड्याने हात घातला की इतरांनी त्याच्या मदतीला धावणे. आणि हो, मैदानावर मुलींनाही बोलवा. मोठ्या संघात एखादाच जाईल. पण ही शिकवण मात्र साऱ्यांच्याच कामी येईल.