एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर डेटा पाठवताना: आख्खी वस्तू नको, नंबर द्या

अँड्रॉइड शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात पडणारा प्रश्न आज घेऊया. एका स्क्रीनवरचा डेटा दुसऱ्या स्क्रीनवर न्यायचा कसा? वाटतो सोपा, आणि पहिलं उत्तर सोपं आहेही. पण ते उत्तर चुकलं की त्याचा त्रास आपल्याला होत नाही, ॲप वापरणाऱ्याला होतो. तोही बहुतेक वेळा ज्याच्याकडे कमी रॅमचा, जुना फोन आहे त्याला.

एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच चालवू. परीक्षेचा फॉर्म भरायचं ॲप आहे. पहिल्या स्क्रीनवर परीक्षांची यादी. एकीवर टॅप केलं की दुसऱ्या स्क्रीनवर तिची माहिती. तिसऱ्या स्क्रीनवर फॉर्म: नाव, पत्ता, मार्क आणि फोटो.

आता यादीतून माहितीच्या स्क्रीनवर जाताना काय पाठवायचं? ॲक्टिव्हिटी असेल तर आपण इंटेंट बनवतो आणि पुट-एक्स्ट्राने त्यात किंमत घालतो. फ्रॅगमेंट असेल तर बंडल भरून अर्ग्युमेंट म्हणून देतो. दोन्हीकडे पद्धत एकच, एक नाव आणि त्यापुढे एक किंमत. इथे बरेच जण परीक्षेचं आख्खं ऑब्जेक्टच पार्सलेबल करून पाठवतात. चालतं का? हो, चालतं. पण थांबा.

सातबाऱ्याचं बघा. बँकेत पीककर्जाला गेलात आणि दोन वर्षांपूर्वीची झेरॉक्स दिलीत, तर बँक काय म्हणेल? ताजा उतारा आणा. कारण मधल्या काळात नोंद बदललेली असू शकते. पण गट नंबर सांगितला, तर आजची नोंद कधीही काढता येते. ऑब्जेक्ट पाठवणं म्हणजे झेरॉक्स देणं आणि आयडी पाठवणं म्हणजे गट नंबर सांगणं. परीक्षेची शेवटची तारीख सर्व्हरवर वाढली, यादी रिफ्रेश झाली, पण माहितीच्या स्क्रीनकडे जुनी झेरॉक्स आहे. मुलगा जुनी तारीख वाचून म्हणणार, गेली आता संधी.

म्हणून पहिला नियम: स्क्रीनला आयडी द्या. त्या आयडीवरून माहिती ती स्क्रीन स्वतः काढेल, रूम डेटाबेसमधून किंवा रिपॉझिटरीमधून. खरी नोंद एकाच जागी राहिली पाहिजे.

दुसरं कारण आकाराचं. इंटेंट आणि बंडल हे अँड्रॉइडमध्ये बाइंडर नावाच्या यंत्रणेतून जातात. तिचा बफर सध्या 1 एमबीचा आहे, आणि तो आख्ख्या प्रोसेसमध्ये त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या देवाणघेवाणींमध्ये वाटलेला असतो. म्हणजे आपल्या वाट्याला पूर्ण 1 एमबीही येईलच असं नाही. आता 12 मेगापिक्सेलचा फोटो बिटमॅप म्हणून मेमरीत उघडला की एका पिक्सेलला 4 बाइट धरून साधारण 48 एमबी होतात. असा फोटो बंडलमध्ये कोंबला, की ट्रान्झॅक्शन टू लार्ज एक्सेप्शन आणि ॲप बंद! अँड्रॉइड 7 पासून सिस्टीम याबाबत कडक झाली. त्याआधी काही ठिकाणी ही चूक नुसती लॉगमध्ये जायची, आता क्रॅश होतो. सेव्ह करायची स्टेट 50 केबीच्या आत ठेवा, असा अँड्रॉइडच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनचा सल्ला आहे. तेव्हा फोटो फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या स्क्रीनला फक्त फाइलचा यूआरआय द्या.

मग कोणीतरी शॉर्टकट काढतो. एक सिंगलटन ऑब्जेक्ट करायचा, त्यात डेटा ठेवायचा, सगळ्या स्क्रीन तिथून वाचतील. ना बंडल, ना मर्यादा. डेव्हलपरच्या 8 किंवा 12 जीबी रॅमच्या फोनवर हे मस्त चालतं.

आता आपल्या फॉर्मकडे या. मुलीने नाव भरलं, पत्ता भरला, सगळे मार्क भरले. 'फोटो काढा'वर टॅप केलं. कॅमेरा ॲप उघडलं. कॅमेऱ्याला मेमरी भरपूर लागते, आपलं ॲप मागे गेलंय आणि फोनमध्ये रॅम आहे 2 जीबी. सिस्टीम जागा करण्यासाठी आपली प्रोसेस मारून टाकते. हा बग नाही, अँड्रॉइड असंच काम करतं. फोटो काढून ती परत येते तेव्हा सिस्टीम आपली स्क्रीन नव्याने उभी करते. सिंगलटन? रिकामा. मग एकतर क्रॅश, नाहीतर कोरा फॉर्म. सायबर कॅफेत रांगेत उभं राहायला नको म्हणून तिने ॲप घेतलं होतं.

अशा वेळी काय टिकतं आणि काय नाही, हे पाठच करून ठेवा. इंटेंटचे एक्स्ट्रा आणि फ्रॅगमेंटची अर्ग्युमेंट टिकतात, सिस्टीम ती जपून ठेवते. फ्रॅगमेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून दिलेली किंमत टिकत नाही, कारण नव्याने उभं करताना सिस्टीम डीफॉल्टने रिकामा कन्स्ट्रक्टरच वापरते. व्ह्यूमॉडेल फोन आडवा केल्यावर टिकतं, पण प्रोसेस मेली की तेही जातं. इथे खूप जणांचा गोंधळ होतो. त्यासाठी व्ह्यूमॉडेलमध्ये सेव्ह्ड स्टेट हँडल वापरायचं, ते प्रोसेस मेल्यावरही परत मिळतं. पण युझरने रिसेंट्समधून ॲप सरकवून काढलं, तर तेही जातं. म्हणून लांबलचक फॉर्म असेल तर मसुदा थेट रूममध्ये सेव्ह करत राहा. प्रत्येक रकाना भरला की एक छोटं अपडेट, बस.

आता उलटी दिशा, म्हणजे डेटा मागे आणायचा. स्टार्ट ॲक्टिव्हिटी फॉर रिझल्ट आता जुनं झालं, त्याजागी रजिस्टर फॉर ॲक्टिव्हिटी रिझल्ट वापरा. हे रजिस्टर करणं बटणाच्या क्लिकमध्ये लिहू नका, स्क्रीन तयार होतानाच करा. नाहीतर प्रोसेस मरून परत आल्यावर निकाल घ्यायला कोणी हजरच नसतं. आणखी एक बारीक गोष्ट. टेक पिक्चर हा तयार काँट्रॅक्ट फोटो निघाला की नाही, एवढंच सांगतो, हो किंवा नाही. फोटो कुठल्या फाइलमध्ये गेला ते आपणच लक्षात ठेवायचं. म्हणजे तो यूआरआयही सेव्ह्ड स्टेटमध्येच हवा. दोन फ्रॅगमेंटमध्ये एखादी छोटी किंमत परत द्यायची असेल तर फ्रॅगमेंट रिझल्ट एपीआय आहे.

आणि कंपोझ वापरणाऱ्यांनो, तुमची सुटका नाही बरं का! एकाच स्क्रीनच्या आत स्टेट वरून खाली द्या आणि इव्हेंट खालून वर पाठवा. पण स्क्रीन बदलताना रूटमध्ये आयडीच.

हे सगळं तपासायचं कसं? डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' आहे, ते चालू करा. पण त्यात फक्त ॲक्टिव्हिटी जाते, प्रोसेस जिवंत राहते, म्हणून सिंगलटनची चूक त्यात पकडली जात नाही. त्यासाठी फॉर्म अर्धा भरा, होम बटण दाबा, कॉम्प्युटरवरून 'एडीबी शेल एएम किल' आणि पुढे पॅकेजचं नाव द्या, मग रिसेंट्समधून ॲप उघडा. भरलेलं सगळं जागच्या जागी दिसलं, तर तुमचं ॲप पास.

आजचा गृहपाठ हाच. स्वतःच्या एका ॲपवर ही टेस्ट करा आणि काय काय गायब झालं त्याची यादी बनवा. तीच तुमची दुरुस्तीची यादी. पुढच्या भागात रूममध्ये मसुदा कसा सेव्ह करायचा ते कोडसकट बघू. तोपर्यंत कोड लिहीत राहा.