आजचा दिवस कुणाच्या नावावर?

(जामखेड तालुक्यातील एकल महिला आणि ऊसतोड कामगार महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

मला आज 'आजचा दिवस भरभरून जगा' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय ऐकला तेव्हा मला आधी हसूच आलं. इथे येण्यासाठी तुमच्यातली एकेक जण काय काय उरकून आली आहे, ते मला ठाऊक आहे. कुणी पहाटे चारला उठून भाकरी थापल्या, कुणी शेळ्या शेजारणीच्या हवाली केल्या, कुणी तर 'बँकेत काम आहे' असं घरी सांगून आली. अशा बायांना मी काय सांगणार की दिवस भरभरून जगा? तुमचा दिवस भरलेलाच आहे. तो कशानं भरलाय आणि कुणी भरलाय, एवढाच प्रश्न आहे.

प्रवचनांतून, आता मोबाइलवरच्या व्हिडिओंतूनही, आपल्याला सांगितलं जातं की कालचं विसरा, उद्याची चिंता सोडा, या क्षणात राहा. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण तेच बाईला सांगितलं जातं तेव्हा त्यात एक गोम असते. कालचं विसर, म्हणजे काल झालेली मारहाण विसर. उद्याची चिंता सोड, म्हणजे सातबाऱ्यावर नाव मागू नकोस. असला 'आज' आपल्याला नको. मग आपल्याला कुठला आज हवा, ते आपण मिळून शोधू.

आपल्या गटांच्या शिबिरात आम्ही एक खेळ घेतो. जमिनीवर खडूनं मोठं वर्तुळ काढायचं, त्याचे चोवीस भाग करायचे आणि प्रत्येकीनं आपला दिवस त्यात ज्वारीच्या दाण्यांनी मांडायचा. स्वयंपाकाला किती दाणे, पाण्याला किती, रानातल्या कामाला किती. शेवटी मी विचारते, 'यातला तुमचा स्वतःचा तास कुठला?' एका शिबिरात साठीच्या एक मावशी बराच वेळ त्या वर्तुळाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "दिवा मालवल्यावर डोळा लागंपर्यंत जेवढं असंल तेवढं माझं. पर तवाबी उद्याच्या कालवणाचाच इचार असतो गं ताई."

मावशींनी सांगितलं तेच सरकारी आकडेही सांगतात. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि ते काम करणारे पुरुष देतात ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास आणि दीड तास! रोजच्या रोज बाईच्या दिवसातून एवढा मोठा तुकडा जातो आणि त्याला 'काम' असं नावही मिळत नाही.

हा झाला घरातला हिशेब. आता तुमच्या कोयत्याचा हिशेब बघू.

आपला जिल्हा, अहमदनगर म्हणा की आताचं अहिल्यानगर, एकाच नकाशात दोन जिल्हे असल्यासारखा आहे. उत्तरेला पाटपाणी, ऊस, कारखाने. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सगळ्या देशानं त्याचं कौतुक केलं. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, कर्जत आणि आपलं जामखेड. इथे पाऊस रुसलेला, म्हणून इथली माणसं दुसऱ्याचा ऊस तोडायला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत.

त्याआधी मुकादम उचल देतो. ती कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाईचा वेगळा हिशेब नाही, वेगळी सही नाही, बहुतेक वेळा पैसे हातातही पडत नाहीत. पण ती उचल फेडायची असते तिच्या अंगानं. पुढचे सहा महिने आधीच विकले गेलेले असतात. मग फडावर पहाट उजाडते ती तिची कशी असेल? ती दिवस जगत नाही, आधीच खर्च झालेला दिवस फेडत असते. पाळीचे दिवस असोत की अंगात ताप असो, एक दिवस बसली तर खाडा पडतो. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचंच असतं, मग ट्रक रात्री अकराला येवो नाहीतर दोनला.

याच रेट्यातून काय घडलं ते आपण पाहिलं. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिथल्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायांची चौकशी झाली. त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या!

मैत्रिणींनो, हे आकडे मी सभांमधून तावातावानं सांगत असते. पण त्यातला एक आकडा माझ्या अंगावरचा आहे. तो आज तुमच्यापुढे सांगते. जिची गोष्ट आहे तिनं परवानगी दिली आहे, नाव मात्र सांगणार नाही.

टोळ्या निघायच्या आधीचे दिवस होते. मी वस्तीवर बैठकीला गेले होते. अठ्ठावीस वर्षांची, दोन लेकरांची एक बाई मला घराच्या मागं घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, अंगावरून पांढरं जातंय. लई दिस झाले. कंबर धरतीय." माझ्या पिशवीत वही होती. वहीत वर्षाचं नियोजन होतं. एमएसडब्ल्यूला दोन वर्षं आम्ही तेच तर शिकलो, उद्दिष्टं, टप्पे, वेळापत्रक. आरोग्य तपासणी शिबिर एप्रिलमध्ये होतं, टोळ्या परत आल्यावर. मी म्हटलं, "एप्रिलमध्ये शिबिर आहे, तेव्हा नक्की ये हं." आणि यादीत तिचं नाव लिहून घेतलं. नाव लिहिल्याचं समाधानसुद्धा वाटलं.

सरकारी दवाखाना तिथून नऊ किलोमीटरवर होता. त्या दिवशी चालू होता. माझ्याकडे स्कूटर होती.

डिसेंबरात फडावर तिला दुखणं असह्य झालं. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. 'पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल,' असं सांगून ऑपरेशन केलं. पैसे मुकादमानं दिले आणि उचलीत धरले. अंगावरून जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं असतं, ते औषधगोळ्यांनी बरं होऊ शकतं, हे आपल्याला माहीत आहे. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर ऐन तारुण्यात पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात, हेही माहीत आहे. तिला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. जिनं सांगायला हवं होतं, ती वहीत नाव लिहून निघून गेली होती.

एप्रिलमध्ये ती शिबिराला आली. रांगेत उभी राहिली. माझ्यासमोर आली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, तुमच्या यादीत माझं नाव होतं ना? आता खोडा."

त्या दिवसापासून 'उद्या' हा शब्द माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही. नियोजन वाईट नाही, लांबचा लढाही हवाच. पण समोरची बाई आज बोलते आहे. ती कदाचित किती रात्री विचार करून आज बोलली असेल. तिचा आज मी माझ्या एप्रिलला बांधला. मुकादमानं तिचे सहा महिने विकत घेतले होते, तेच मी फुकटात केलं.

उद्यानं बायांचा आज खाल्ला तसा कालही खातो. इथे बसलेल्या एकल मैत्रिणींना ते वेगळं सांगायला नको. कोरोनात किती जणींचे नवरे गेले. त्यानंतर ती काय नेसते, कुणाशी हसते, हळदीकुंकवाला येते का, सगळ्यांचा डोळा तिथेच. तिच्या आयुष्याची तारीख जणू त्या दिवशीच थांबली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो आदर्श इतर गावांनीही घ्यावा, असं त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून सांगितलं. ठराव कागदावर आहे, पण तो आपापल्या गावात आणायचा तर ग्रामसभेत उठून उभं आपल्यालाच राहावं लागेल.

आपल्याच तालुक्यातल्या चौंडीच्या लेकीकडे बघा. अहिल्याबाई. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, केवढे सोहळे झाले. मला त्या सोहळ्यांपेक्षा त्यांचा दिवस आठवतो. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. सती जायला निघाल्या होत्या. सासरे मल्हारराव आडवे आले, म्हणून राहिल्या. १७६६ मध्ये सासरे गेले, पाठोपाठ १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. थांबायला कारणं कमी नव्हती. पण त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालवलं.

माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुढे त्या भागातल्या लोकांकडून माहिती घेऊन त्यांचा दिनक्रम लिहून ठेवला आहे. उजाडायच्या आधी तासभर उठायचं, पूजा, दानधर्म, साधं जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोन ते सहा दरबार. पुन्हा रात्री नऊ ते अकरा राज्याचं काम. समोर येईल त्याचं गाऱ्हाणं त्या स्वतः ऐकून घेत. मला याला दिवस जगणं म्हणावंसं वाटतं. त्यात पूजेची वेळ आहे, लोकांची वेळ आहे आणि विश्रांतीचीसुद्धा आहे. त्यांच्या विश्रांतीला कुणी खाडा म्हटलं नाही.

पण पुतळ्यापुढे हात जोडून थांबू नका, पुढचंही वाचा. १७९१ मध्ये त्यांचे जावई वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. आईनं विनवण्या केल्या. एवढ्या मोठ्या राज्याची मालकीण, पण लेकीला थांबवू शकली नाही. एक बाई कितीही खंबीर असली तरी एकटीनं रूढी मोडत नाही, हे आपण त्यातून शिकायचं. आपला आज एकटीनं राखता येत नाही. म्हणून गट लागतो.

गट काय करू शकतो तेही याच जामखेडनं दाखवलंय. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले. त्यांनी गावागावातल्या बायांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या अनेक जणींना अक्षरओळख नव्हती, अनेक जणी दलित वस्तीतल्या, कितीतरी जणी टाकलेल्या. लेकराला जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी आत्ता द्यायचं असतं, सकाळी एसटी आल्यावर नाही. कुणाचे दिवस भरत आलेत, कुणाचं लेकरू वजनात मागं पडलंय, हे त्या घरात जाऊन बघायच्या. गावाचं आरोग्य सुधारलं ते असं, रोजच्या रोज. आणि जिला घरात किंमत नव्हती तिला गाव विचारून काम करू लागलं, तिचा दिवस तिच्या नावावर झाला.

जिनं मला नाव खोडायला सांगितलं, ती आता आमच्या गटात आहे. टोळ्या निघायच्या आधी ती घरोघर जाते आणि एकेकीला विचारते, "काही दुखतंय का? मग चल, आत्ता." कुणी म्हणालं, 'सीझनवरून आल्यावर बघू,' तर ती तिथून हलत नाही. नवऱ्याशी बोलते, मुकादमाशी बोलते, मग बाईला गाडीवर बसवते. गेल्या वेळी एका मुकादमानं तिला म्हटलं, "तुला काय करायचंय?" ती म्हणाली, "तुमचा हिशेब तुमच्या वहीत लिवा. माझा हिशेब माझ्या अंगावर लिवलाय."

तेव्हा मैत्रिणींनो, दिवस भरभरून जगण्याविषयी मला एवढंच कळलंय. आपलं दुखणं आज सांगायचं आणि दुसरीचं आज ऐकायचं. थकलो तर आज टेकायचं, त्याची लाज धरायची नाही. आनंद वाटला तर तो मुलाच्या नोकरीपर्यंत, मुलीच्या लग्नापर्यंत ठेवणीत ठेवायचा नाही. हसू आलं तर आज हसायचं, मग पुढ्यात नवरा असो, सासू असो की भावकी. आणि आपला दिवस दुसऱ्यानं घेतला असेल तर तो परत मागायचा. मागणं एकटीला जड जातं, तेव्हा शेजारणीला सोबत घ्यायची.

मी फार वेळ घेणार नाही. मागच्या खोलीत नर्सबाई बसल्या आहेत, संध्याकाळपर्यंत आहेत. दारावर पडदा लावला आहे. जिला काही दुखतंय, जिचं काही सांगायचं राहिलंय, तिनं गाणी संपायची वाट बघू नये. आत्ताच उठावं. मी इथेच थांबते.