पोटखराब्यातला पाहुणा

शाळू हुरड्यावर आला की सासवड-सुप्याकडच्या शिवारात पिवळ्या पोटाच्या चिमण्यांसारख्या पाखरांचे थवेच्या थवे उतरतात. गोफण घेऊन राखणीला बसलेला माणूस त्यांना काय म्हणतो, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. हे काळ्या डोक्याचे भारीट. यांतले काही थेट इटली-ग्रीसकडून येतात. तिकडचे कितीतरी पक्षी थंडीत आफ्रिका गाठतात. हे मात्र पूर्वेची वाट धरून आपल्या ज्वारीवर येतात.

पण आज बोलायचंय ते त्यांच्या एका भाऊबंदाविषयी, करड्या मानेच्या भारिटाविषयी. हा तितकासा दिसत नाही, कारण आपण त्याला भलतीकडे शोधतो. पिकाकडे पाठ करा आणि बांधापलीकडचं मुरमाड बरड बघा. खुरटं गवत, दगडगोटे, एखादी बाभूळ. सात-बाऱ्यावर पोटखराबा म्हणून लिहिलेली जमीन. इराण आणि मध्य आशियातल्या उघड्या, खडकाळ उतारांवर जन्मलेल्या या पक्ष्याला इथेही असलीच जागा मानवते.

मला तो अशाच बरडावर दिसला. चालता चालता पुढ्यातून चंडोल उठले, एक पाखरू मागे राहिलं. दबकत दबकत गवताचं बी टिपत होतं. राखी डोकं, डोळ्याभोवती फिकट कडं, गुलाबीसर चोच, विटकरी पोट. उडालं तेव्हा शेपटीच्या कडा पांढऱ्या चमकल्या. ही खूण ध्यानात ठेवा, कारण काळ्या डोक्याच्या भारिटाच्या शेपटीत पांढरं नसतं. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं इतकी फिकी असतात की नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नये.

या जातीचा हिवाळा मुख्यतः भारतीय उपखंडातच जातो. म्हणजे तिची निम्म्या वर्षाची सोय आपल्या या नापीक म्हटलेल्या जमिनीवर आहे. आणि आपण काय करतो? प्लॉट पाडतो, नाहीतर पुण्य म्हणून तिथे खड्डे खणून रोपं लावतो. माळावर झाडं लावणं हे मला तरी पुण्य वाटत नाही.

तेव्हा गावाजवळचं एखादं बरड निवडा. ऑक्टोबर ते मार्च सकाळी तिथे चक्कर मारा, दिसलेलं ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. आणि पुढच्या पावसाळ्यात कोणी तिथे रोपं घेऊन निघालं, तर आधी ती यादी त्यांच्या हातात द्या.