महिन्यातला एक रविवार

(माजी विद्यार्थी स्वयंसेवकांच्या असोदा येथील मेळाव्यातले स्वागताध्यक्षीय भाषण)



असोद्याला पाहुणा आला की पहिली चौकशी वांग्यांची होते. ते बरोबरच आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून असोद्याच्या वांग्याला मानांकन होते, ते पुण्यात राहणाऱ्या खान्देशी माणसाच्या जिभेवर. गावाकडून कोणी निघाले की पिशवीत चार किलो वांगी आणि कांद्याची पात कोंबायची, हा इथला रिवाज. आज मंडपात बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तशी पिशवी कधी ना कधी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये सीटखाली ढकलली असेल. थंडी सरायच्या आत मेळावा घ्यायचा, हा आग्रह स्वागत समितीतल्या ज्येष्ठांनी धरला. त्यामागे भरिताचा विचार नव्हता, असे कोणी शपथेवर सांगणार नाही.

दुसरी चौकशी कवयित्री बहिणाबाईंची. २४ ऑगस्ट १८८० रोजी त्या याच गावात, महाजनांच्या घरी जन्मल्या आणि तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांकडे गेल्या. अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, घरकामात जे सुचले ते तोंडीच राहिले असते. पण मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी त्यातले काही ऐकून वहीत उतरवले. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या कविता छापून आल्या. ही कथा प्रत्येक सभेत सांगितली जाते आणि तिच्यातल्या वहीवाल्या पोरांकडे फारसे कोणी पाहत नाही. शाळा शिकलेले दोघे एका न शिकलेल्या बाईजवळ बसले आणि तिला शिकवायला न जाता तिचे ऐकत राहिले. आजच्या मेळाव्याचा विषय त्यांच्या जास्त जवळचा आहे.

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे खान्देशाला नवे नाहीत. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप गट निघतो, दिवाळीत हॉल ठरतो, गुरुजींना शाल-श्रीफळ, मग वरण-बट्टी, मग फोटो. वर्गणीतून शाळेला पाण्याचे मशीन नाही तर पुस्तकांचे कपाट. कपाटावर बॅचचे नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवतात की आतल्या पुस्तकांची नावे त्याच्यापुढे बारीक दिसावीत. आणि कुलपाची किल्ली बहुधा अशा माणसाकडे, जो नेमका त्या दिवशी रजेवर असतो. यात वाईट काही नाही. पाणी थंड मिळतेच. पण आठवीतल्या ज्या पोराचा बाप हंगामात सुरतेला कामाला जातो, त्याला ‘बारावीनंतर काय?’ हे विचारायला कपाट उपयोगी पडत नाही. माणूस लागतो, आणि तोही पुढच्या महिन्यात पुन्हा दिसणारा.

खान्देशाने असा माणूस पाहिलेला आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३० साली सत्याग्रहात उतरण्यासाठी नोकरी सोडून गेले. जेमतेम सहा वर्षे. त्यांच्याकडे छात्रालय होते. मुले बाहेर गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडून ठेवत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत, पसरलेले कपडे आवरत. मुले परत येत तेव्हा खोली लख्ख आणि करणारा गायब. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहीत. दैनिक म्हणजे रोजचे. एकदा गंमत म्हणून काढलेला अंक नव्हे. जगातल्या बातम्या, थोरांच्या गोष्टी, आणि मुलांना समोर बसवून सांगितले तर ती मान खाली घालतील असे चार शब्द, सगळे त्या कागदावर. खोली कोणी झाडली हे ओळखायला मुलांना थोडा वेळ लागला असेल, पण मग काही जणांनी स्वतःच केरसुणी हातात घेतली.

त्या छात्रालयातल्या आणि शाळेतल्या मुलांपैकी काहींनी पुढेही गुरुजींची साथ सोडली नाही. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले पहिले. त्यासाठी गुरुजी पूर्व खान्देशात गावोगाव फिरत होते. ४ जून १९४१ ला राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, आणि सुट्टीतली शिबिरे ही महाराष्ट्रातल्या हजारो घरांत ओळखीची गोष्ट झाली. शिबिरात आलेला मुलगा दोन-तीन वर्षांनी शाखा चालवायचा आणि पुढच्या शिबिरात धाकट्यांचा ‘दादा’ व्हायचा. संस्थेने माजी विद्यार्थ्यांकडे मदत मागितली असे तिथे घडतच नसे, कारण माजी होण्याची सोय नव्हती.

‘दादा’ या अर्थाचा शब्द अमेरिकेत त्याआधीच एका संस्थेच्या नावावर चढला होता. १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातले एक कारकून, अर्नेस्ट कूल्टर, कोर्टात रोज येणारी पोरे पाहून हैराण झाले आणि त्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना विचारले : प्रत्येकाने एका पोराचा मोठा भाऊ व्हायला काय हरकत आहे? त्यातून ‘बिग ब्रदर्स’ चळवळ उभी राहिली. आपल्याकडे मोठा भाऊ घरातच असतो म्हणून आपण निर्धास्त राहिलो. आता तो भाऊ हिंजवडीत असतो.

तिकडची माणसे आपल्या कामाचा हिशेब मांडतात, ते शिकण्यासारखे आहे. १९९५ साली त्या संस्थेच्या कामाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला : दहा ते सोळा वयाची ९५९ मुले, निम्म्यांना दादा-ताई मिळालेले, निम्मी वाट पाहत थांबलेली. दादा-ताई मिळालेल्यांत व्यसनाकडे वळणारी मुले बरीच कमी निघाली. मग २००२ साली जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी तीच आकडेवारी उलगडून पाहिली. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांचा फायदा सगळ्यात मोठा होता. ज्या जोड्या पहिल्या तीन महिन्यांतच मोडल्या, त्यातल्या मुलांच्या मनातली स्वतःची किंमत उलट घसरली. म्हणजे कोणीच आले नसते तर बरे झाले असते. सव्वीस ते तीस वयाच्या विवाहित स्वयंसेवकांच्या जोड्या लवकर तुटत होत्या, हेही त्यांना आढळले. हे सांगायला असोद्यात अभ्यासाची गरज पडली नसती. लग्न, बाळंतपण, फ्लॅटचा हप्ता. त्या वयातला रविवार त्या माणसाचा स्वतःचा नसतोच.

याहून कडू हिशेब जुना आहे, आणि तो थेट उन्हाळी शिबिराचाच आहे. बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या कल्पनेतून १९३९ साली काम सुरू झाले. ५०६ मुलगे, त्यांच्या दोन बरोबरीच्या तुकड्या. एका तुकडीला घरी येणारा सल्लागार, अभ्यासात मदत, औषधोपचार, उन्हाळ्यात शिबिर. दुसरीला काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांना, आता प्रौढ झालेल्यांना, शोधून काढले. बहुतेक जण म्हणाले, आमचे फार भले झाले. नोंदी मात्र वेगळे बोलत होत्या : मदत मिळालेल्या तुकडीची अवस्था दारू, मानसिक आजार, वारंवार गुन्हे, अकाली मृत्यू या सगळ्यांत जास्त वाईट होती. १९९९ साली पुन्हा तपासले तेव्हा नुकसान मुख्यतः त्या मुलांत सापडले, ज्यांना एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिराला पाठवले होते. संशोधकांचा तर्क असा : पोरे एकत्र आली की खोड्यांच्या बढाया सुरू होतात, ज्याची बढाई मोठी त्याला हशा जास्त, आणि रात्रीच्या त्या शाळेत मुले पटापट शिकतात.

मे महिन्यातले आपले शिबिर ठरवताना स्वागत समितीत हा मजकूर वाचून दाखवला तेव्हा थोडी शांतता पसरली. मग एक आबा म्हणाले, ‘का भो, मंग शिबिर घेवाच नाही?’

घ्यायचे. पण दिवे मालवल्यावर पोरांच्या खोलीत कोण झोपणार, हे आधी ठरवून. शिबिराची पत्रिका छापताना सगळ्यांचे लक्ष उद्घाटकाच्या नावाकडे असते. रात्री नऊ ते सकाळी सहा हा रकाना कोणत्याच पत्रिकेत नसतो. माजी विद्यार्थी हवेत ते त्या रकान्यासाठी. वीस-बावीस वर्षांचा, कालपर्यंत त्याच बाकांवर बसलेला दादा पोरांच्या घोळक्यात बसला की बढाईचा सूर बदलतो. तो रागावतो म्हणून नव्हे. तो हसत नाही म्हणून.

महाराष्ट्रात हे जमलेले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात, बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पावर दरवर्षी मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. चंद्रपूरचा मे म्हणजे जळगावच्या मे महिन्याचा सख्खा भाऊ. तरी तरुण जातात, सकाळी कुदळ-फावडे चालवतात, मग चर्चा, गाणी. १९८५ च्या डिसेंबरात बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ घेऊन निघाले तेव्हा सोबत शंभरावर तरुण सायकलींवर होते. ती फौज एका दिवसात जमत नसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने २००६ साली ‘निर्माण’ सुरू केले. त्यातही एका शिबिरावर काम भागत नाही. तीच तुकडी पुन्हा पुन्हा बोलावली जाते आणि मधल्या काळात कोण काय करते याची विचारपूस चालू राहते.

पुण्याचे उदाहरण खान्देशाला जास्त लागू आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापली, खेड्यातून पुण्यात शिकायला येणाऱ्या गरीब मुलांसाठी. त्या वसतिगृहांत खान्देशातलीही मुले राहिली. तिथे मुलांनी कामातला वाटा उचलायचा असतो, आणि बाहेर पडलेल्यांनी माजी विद्यार्थी म्हणून समितीशी नाते धरून ठेवलेले आहे. नोकरी लागलेला मुलगा आपल्या जुन्या खोलीत आता कोण राहतो हे पाहायला येतो, ही तशी साधी गोष्ट. समितीच्या सत्तर वर्षांमागे ती आहे. जवळ, जळगावातच, प्रा. यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प आहे. दिव्यांग मुलामुलींना राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करता येते, आणि त्यासाठी पुण्याची वाट धरावी लागत नाही.

आता कामाच्या चार गोष्टी, कारण दुपारच्या सत्रात याच्यावर भांडण व्हायचे आहे.

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर एवढाच शिबिराचा खरा वेळ; मधल्या वेळात मुलांना झाडाखाली नव्हे, छताखाली ठेवायचे. केळीच्या बागेत गारवा असतो हे खरे, पण तिथे ठिबकच्या नळ्यांवर शंभर पोरे सोडायला कोणता शेतकरी तयार होईल? मुलींच्या मुक्कामाला किमान दोन ताया, एक नव्हे. कोणत्याही दादा-ताईने मुलासोबत बंद खोलीत एकटे बसायचे नाही, मग तो कितीही ओळखीचा आणि कितीही मोठा देणगीदार असो. २०१२ चा पॉक्सो कायदा अठराच्या आतल्या सगळ्यांना लागू आहे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणे हाही त्यात गुन्हा आहे. ‘गावातली गोष्ट गावात मिटवू’ हे वाक्य शिबिराच्या हद्दीत चालणार नाही. काही जुन्या मंडळींना हा अविश्वास वाटला. पोलिसांची पडताळणी मागितल्यावर एक सद्गृहस्थ रुसूनही गेले. स्वागत समितीने त्यांची समजूत काढली, अट काढली नाही.

आणि मुलांची संख्या. दोनशे पोरांचे शिबिर फोटोत छान दिसते. पण वर्षभर टिकणारे दादा-ताई बारा मिळाले, तर शिबिर साठ मुलांचे. सहा मिळाले तर तिसाचे. पत्रिकेत हा आकडा लहान दिसतो, त्यावरून समितीत दोन बैठका झाल्या. शेवटी लहान आकडाच ठरला.

लांबून आलेल्यांची अडचण समितीला माहीत आहे. मे महिन्यात महाराष्ट्र एक्सप्रेसचे वेटिंग शंभराच्या पुढे असते, पुण्याहून दर महिन्याला येणे जमत नाही. त्यांनी महिन्यातून एका ठरल्या रविवारी, ठरल्या वेळी फोन करायचा. मूल पहिल्या दोन फोनला फक्त ‘हो’ आणि ‘बरं’ म्हणेल. तिसऱ्याला बापाची गोष्ट काढेल. तोपर्यंत सल्ला देऊ नये, अशी विनंती आहे.

सर्वांचे असोद्यात मनापासून स्वागत. मंडपाच्या उजव्या हाताला, पाण्याच्या रांजणाशेजारी, टेबलावर एक जाड वही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने आखले आहेत : नाव, गाव, फोन, आणि या मेपासून पुढच्या मेपर्यंत महिन्याचा कितवा रविवार. देणगीचा रकाना नाही. ज्यांना द्यायचीच आहे त्यांच्यासाठी पावतीपुस्तक शेजारी आहे, पण ते वहीच्या खाली ठेवले आहे. शाईचे पेन दोन, त्यातले एक अधूनमधून अडते. भरीत भाजणे सकाळपासून चालू आहे, तूरकाठ्यांचा धूर मंडपात येतो त्याबद्दल माफी असावी. पंगत साडेबाराला. तोपर्यंत अर्धी वही भरली तर पहिले वाढप समितीची मंडळी स्वतः करतील.